हिरामावशी, नावं वाचून झाली

मावशी, परवा रविवारी मंचाचं जेवण झालं. तू जाऊन तेव्हा एकवीस दिवस झाले होते. यंदा पुढं ढकलू या, असं मीच म्हणाले होते. तुझी सून सुनंदा म्हणाली, "ढकलू नको गो. आय मना सपनान येऊन इचारंल, भाकऱ्या कोनाला इचारून थांबवल्या?" मग तांदूळ दळायला गेला.

मंचाच्या अंकासाठी तुझ्यावर लिहायचं काम मला दिलंय. तुझी जमीन कधी गेली, कुठल्या मोर्चात तू पुढं होतीस, हे दुसरं कोणी लिहील आणि नीट लिहील. मला ते जमणार नाही, कारण आपलं भांडण अर्धं राहिलंय. तीन वर्षं मी ते टाळत आले. आणि तू घाईनं निघून गेलीस. तशी तुझी सवयच होती, मीटिंग संपायच्या आत चपला घालायची.

मी नऊ वर्षांची असताना आम्ही शिरवण्याला तुझ्या घरामागच्या खोलीत राहायला आलो. आम्ही परभणीकडचे. बाबा जासईच्या बाजूला एका कंटेनर यार्डात ठेकेदाराकडे माल उतरवायचे, आई नेरूळच्या सोसायट्यांमध्ये धुणीभांडी करायची. पहिल्याच दिवशी तू आईला विचारलंस, "मच्छी खाता ना?"

आई म्हणाली, "खातो की."

"मंग ऱ्हावा. बाकी मना काय इचारायचं नाय."

बाबा पुढं कितीतरी जणांना सांगायचे, मुंबईत आल्यापासून पाच ठिकाणी खोली मागितली, आडनाव न विचारणारी ही पहिली मालकीण.

मी बी.कॉम. झाले. बाबांच्या घरात, आईच्या माहेरात, कुठंच त्याआधी कोणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. मला त्याचा अभिमान आहे आणि तो मी कधी लपवला नाही. तुझा अभिमान तर माझ्याहून मोठा. काळ्या गाऊनमधला माझा फोटो तू मोठा करून आणलास आणि ओटीवर काकांच्या हार घातलेल्या फोटोशेजारी लावलास. येणारं माणूस दचकायचं.

"अरेरे, ही कधी गेली?"

"गेली नाय, ग्रॅज्वेट झाली! आमची भाडोत्रीन हाय. नळावर भांडते, पन इंग्लिश लिवते."

मंचही त्याच ओटीवर सुरू झाला. जे आपल्याला ओळखत नाहीत त्यांच्यासाठी सांगते. खाडीकाठ हक्क मंच निवडणूक लढवत नाही. ठेक्यावरचे कामगार, घरकाम करणाऱ्या बाया, जमिनी गेलेली गावं, यांच्या मागण्यांचा आपण एक कागद करतो. निवडणूक आली की झाडून सगळ्या उमेदवारांपुढं तो कागद धरायचा, त्यावर सही घ्यायची, आणि मग पाच वर्षं ती सही घेऊन निवडून आलेल्याच्या मागं लागायचं. कागद मी लिहायचे. मागं लागायचीस तू. एका नगरसेवकानं तुला बघून मागच्या दारानं गाडी काढली होती, ते तू सांगायचीस तेव्हा त्याच्या चालण्याची नक्कलही करून दाखवायचीस.

या सगळ्याला पैसा लागतो. जुईनगरची ती ऑफिसची खोली, छपाई, वकील. एकदा एका बिल्डरनं निरोप पाठवला की मंचाचा सगळा खर्च मी करतो, फक्त माझा एक बोर्ड लावा. मी म्हणाले, विचार करायला काय हरकत आहे. तू म्हणालीस, "पोरगी आपली, लगीन आपला, नि मांडव दुसऱ्याचा?" विषय संपला. तेव्हापासून वर्षातून एकदा मंचाचं जेवण. पहाटेपासून गावातल्या बाया तांदळाच्या भाकऱ्या थापणार, सुकट-वांगं, वालाचं बिरडं, कोंबडी. कूपन घ्या, वर हवे तितके द्या, आणि पंगतीला बसा. मी म्हणायचे बुफे ठेवू, लवकर उरकेल. तू म्हणायचीस, "बुफेला मानूस भिंतीकडं तोंड करून खातो. पंगतीन बाजूला कोन बसला ता बघायला लागतंच." एका वर्षी माझ्या आईच्या शेजारी तिची जुनी मॅडम येऊन बसली. दोघींनी एकमेकींना भाकरी वाढली. हे पंगतच करू शकते, हे मी तुझ्यासमोर कधी मान्य केलं नाही. आता करते.

आणि नावं. भांडण त्या नावांवरून.

गावात हळदीला, लग्नाला माईकवरून आहेर वाचतात. अमक्याकडून इतके, तमक्याकडून तितके. कमी देणारा तेवढ्या वेळात मांडवाबाहेर जाऊन उभा राहतो. तू ती रीत मंचाच्या जेवणाला आणलीस आणि तिच्यातला आकडा काढून टाकलास. फक्त नाव. "जुईनगरचे अमुक अमुक, यांनी हात लावला." झालं. वकील आणि वॉचमन एकाच दमात, एकाच आवाजात. सुरुवात इब्राहिमभाईंपासून, कारण साउंड त्यांचा.

"बाय, माझं नाव कशाला दरवर्षी? मी तर भाडं घेत नाय."

"म्हनून तर."

बाबांचं नाव तू पहिल्यांदा वाचलंस तेव्हा त्यांचा घास हातातच राहिला. आमच्या गावाकडं माईकवरून आमच्या माणसांची नावं येत नसत. आली तर वेठीच्या कामाला बोलवायला यायची, हे बाबांनी मला नंतर सांगितलं. त्या दिवशी ते घरी चालत आले, रिक्षा नको म्हणाले. म्हणून सांगते, तू नावं का वाचायचीस हे मला कळत नव्हतं असं नाही.

पण तीन वर्षांपूर्वी गोष्ट वेगळी होती. यार्डातल्या ठेक्यावरच्या माणसांना पगाराची पावती मिळावी, पीएफ कापला जातो तो भरला जावा, यासाठी आपण तक्रार करणार होतो. मी तुला दोनदा सांगितलं की यंदा यार्डातल्या कोणाचं नाव वाचू नको, आणि विजूला बोलावू नको. विजू म्हणजे तुझा पुतण्या, दोन यार्डांना माणसं पुरवणारा ठेकेदार. तू डोक्याला हात लावलास.

"भाऊकीला सोडून गावान जेवन घालू? मंग तोंड कुठं दाखवू? आनि जेवायला आलेला मानूस पोट घेऊन येतो गो, कान घेऊन नाय येत."

"मावशी, तो कान घेऊनच येणार."

मी यादी केली. यार्डातल्या सगळ्या माणसांच्या नावांवर लाल पेनानं रेघ मारली आणि कागद तुझ्या हातात दिला. आणि इथं मी चुकले, हे मला फार उशिरा कळलं. तू दुसरीपर्यंत शिकलेली. कागद तू हातात मानासाठी धरायचीस. नावं तू पंगतीवरून वाचायचीस. जेवणाच्या पहिल्या पानापासून सुरू करायचं, एकेक चेहरा बघायचा आणि पुढं जायचं. यार्डात माल उतरवणारा प्रल्हाद आठव्या की नवव्या पानावर बसला होता. त्याच्या अलीकडच्याचं नाव घेऊन पलीकडच्यावर उडी मारायची म्हणजे भर पंगतीत त्याचा अपमान. तुझ्या जिभेला ते जमलंच नसतं.

"यार्डातले आमचे प्रल्हादभाऊ, यांनी हात लावला!"

प्रल्हाद हसला, हात जोडले. त्याच्यापासून तीन पानांवर विजू भाकरी मोडत होता.

मंगळवारी प्रल्हादला गेटवर सांगितलं, उद्यापासून येऊ नको. कारण नाही, कागद नाही. दोन मुलं, भाड्याची खोली. तो सरळ माझ्याकडे आला. मी तिथून उठून सरळ तुझ्या ओटीवर आले. बाबाही तिथं होते. मी काय म्हणाले ते मी इथं लिहिणार आहे, कारण ते लिहिल्याशिवाय पुढच्या कशालाच अर्थ नाही.

मी म्हणाले, "अडाणी माणसाच्या हातात माईक दिला की हेच होणार."

बाबा उठून बाहेर गेले. तू माझ्याकडं बघितलंस, रागानं नाही. म्हणालीस, "वाचायला येत नाय, ता खरा हाय." आणि आत जाऊन चहा ठेवलास. मी चहा न घेता निघाले.

त्यानंतर दोन वर्षं जेवण मी केलं. माईक बंद. क्यूआर कोड लावला, फॉर्म भरून घेतले, ज्यानं दिलं त्याच्या फोनवर आभाराचा मेसेज. सगळं व्यवस्थित, कोणाला टेन्शन नाही. लोक आले, जेवले, मेसेज आला की नाही ते बघून निघाले. तू मांडवाकडं पाठ करून चुलीपुढं बसायचीस.

"मावशी, पीठ पुरेल ना?"

"पुरंल."

आपण बोलायचो ते एवढंच. मीटिंगला समोरासमोर बसायचो, कामाचं बोलायचो. बाहेरच्याला काही कळलं नसतं. मला मात्र दरवेळी वाटायचं, आज सांगू या. मग वाटायचं, पण मुद्दा माझाच बरोबर होता. आणि मुद्दा बरोबर असला की माफी मागायला माणसाला फार त्रास होतो.

प्रल्हादसाठी मी कामगार खात्याकडे अर्ज केला. चांगला अर्ज होता, कलमांसकट. वर आठवणीची दोन पत्रं पाठवली. महिन्याभरानं प्रल्हादला दुसऱ्या यार्डात, दुसऱ्या ठेकेदाराकडे काम लागलं. वर्षाच्या सभेत मी उभी राहून सांगितलं की आपण अर्जाचा पाठपुरावा केला म्हणून हे झालं. लेखी लढाईला पर्याय नाही, असंही म्हणाले. तू दुसऱ्या रांगेत होतीस. सगळ्यात आधी टाळ्या तू वाजवल्यास.

तुझ्या दहाव्याला प्रल्हाद आला होता. घाटावर बाजूला उभं राहून रडत होता. मी म्हणाले, "मावशीला फार लागलं होतं तुमचं. बरं झालं, अर्जानं काम झालं."

तो म्हणाला, "अर्जाचं मला म्हाईत न्हाई ताई. मावशी बसायच्या की."

"कुठं बसायच्या?"

मग त्यानं सांगितलं. त्याचं काम गेल्यावर तू रोज सकाळी तुझ्याच गल्लीत, विजूच्या घराखालच्या ऑफिसच्या दारात प्लास्टिकचं स्टूल घेऊन बसायचीस. नऊ ते बारा. घोषणा नाही, बोर्ड नाही. गावातलं कोणी जाता-येता विचारायचं, "काय गो हिरे, इथं?" "पुतन्याकडं आलंय. बसलंय." एवढंच. विजू काकी-काकी करत आत बोलवायचा, तू जायची नाहीस. यार्डाचे साहेब यायचे, बाई कोण म्हणून विचारायचे, आणि विजूला सांगावं लागायचं की आमची काकी. अकरा दिवस. अकराव्या दिवशी त्यानं दुसऱ्या यार्डातल्या ठेकेदाराला फोन लावला.

मी तेव्हा ऑफिसात बसून कलमं शोधत होते, मावशी. आम्ही तुझी खोली कधीच सोडली होती, आणि तुझ्या गल्लीतून जायचंही मी टाळत होते. नाहीतर दिसली असतीस.

यंदा मी ठरवलं की नावं वाचायची, पण प्रत्येकाला विचारून. दहाव्यानंतर सुनंदा आणि मी आठ-नऊ दिवस घरोघर फिरलो. पहिलं घर प्रल्हादचं. तो म्हणाला, "ताई, पैसे घ्या, नाव नको. पोरगी दहावीला आहे." मी म्हणाले, बरोबर आहे, नाही वाचणार. आणि खरं सांगू? मनातल्या मनात तुला म्हणाले, बघ, मी हेच सांगत होते.

इतक्यात त्याची बायको सुरेखा हात पुसत बाहेर आली. "माझं वाचा."

प्रल्हाद म्हणाला, "तुझं कशाला?"

"का? मी पाच घरं करते. एकीनं काढलं तर चार ऱ्हातात. पाचही जणी ठरवून मला काढतील एवढं त्यांचं आपसात जमत नाही." मग माझ्याकडं वळून, "प्रल्हादची बायको असं नका वाचू हां. सुरेखा वाचा."

हे पुढच्या घरी झालं, त्याच्या पुढच्याही. पुरुष म्हणायचे, पैसे घ्या, नाव राहू द्या. आतून बाई म्हणायची, माझं घाला. आठवड्याभरात यादी बघितली तर निम्म्याहून जास्त बायका. आणि मग मला आठवलं, मावशी. इतकी वर्षं तू माईकवरून काय वाचायचीस? "पांडुरंग पाटील आनि परिवार." तू सुद्धा! भाकऱ्या थापणारी प्रत्येक बाई तू परिवारात ढकललीस. हे मला तुझ्यासमोर बसून सांगायला किती मजा आली असती. तू म्हणाली असतीस, "नवऱ्याचा नाव घेतला नाय तर कोन कोनाची ता गावाला कसा कलनार?" आणि मी म्हणाले असते, गावाला बरोबर कळेल. आणखी दोन वर्षं पुरलं असतं एवढं भांडण होतं ते.

शनिवारी आम्ही वाल सोलत बसलो होतो, तेव्हा विजूची बायको दीपाली आली. पदराआडून पैसे काढले, कूपन घेतलं. उभीच राहिली.

"नाव वाचनार ना?"

मी म्हणाले, "विजूदादांचं?"

"त्यांचा कशाला? त्यांनी कुठं दिलंय? माझा."

"घरात चालेल?"

ती खाली बसली, वाल सोलायला घेतले. "काकी आमच्या दारान अकरा दिवस बसली होती. तिला पानी मीच न्यायची. मना लाज वाटायची. ती बोलायची, तू कशाला लाजतंस, तू तर पानी देतंस." मग म्हणाली, "चालंल का, ता मी इचारलेला नाय."

रविवारी विजूलाही बोलावलं. बोलवायला मीच गेले. तुझ्या भाऊकीला सोडून तुझ्या गावात जेवण करायची माझी हिंमत नाही. तो आला, पंगतीला बसला. इब्राहिमभाईंनी माईक माझ्या हातात दिला आणि म्हणाले, "पहिलं माझंच ना?" पहिलं त्यांचंच वाचलं.

मी कागदावरून वाचत होते, पण प्रत्येक नावानंतर मान वर करून पंगतीत बघत होते. सुरेखा यांनी हात लावला. आशा यांनी हात लावला. फातिमा यांनी, कुसुम यांनी. काही जणींना आपलंच नाव आहे हे कळायला क्षणभर लागत होतं. शेजारीण कोपरानं ढोसायची, मग त्या हसायच्या.

"शिरवण्याच्या दीपाली पाटील, यांनी हात लावला."

वाढपी जागच्या जागी थांबले. विजूचा हात भाकरीवर तसाच. मग मागून, चुलीपाशी बसलेल्या तुझ्या मैत्रिणींमधून एक आवाज आला, "विजू, आता काढ कोनाला काढतंस ता!"

मांडव असा हसला, मावशी. प्रल्हाद विजूपासून चार पानांवर बसला होता, त्याचं नाव मी वाचलं नव्हतं, तो डोळ्यांतून पाणी येईपर्यंत हसला. विजूनं मान वर केली नाही. म्हणाला, "जरा बिरडं वाढा." दीपालीनंच वाढलं.

तुझं नाव मी वाचलं नाही. सुनंदानं विचारलं, का? मी म्हणाले, जो जेवायला बसलाय त्याचंच नाव वाचायचं, ही आयचीच रीत.

आता आपलं. नावं माणसाला विचारून वाचायला हवी होतीस, यात मी मागं हटणार नाही. प्रल्हादचा महिना वाया गेला, मुलांनी तो बघितला, ते खरं आहे आणि ते तुझ्यामुळं झालं. पण ओटीवर जो शब्द मी तुला वापरला तो चुकीचा होता. तो शब्द बाबांना आयुष्यभर लोकांनी वापरला, आईला वापरला, आणि शिकून सवरून मी तो उचलून तुझ्यावर टाकला. ज्या बाईनं माझा फोटो भिंतीवर लावला तिच्यावर. मला माफ कर. हे तीन वर्षांपूर्वी तीन मिनिटांत झालं असतं.

आणि एक दुरुस्ती करायची आहे. मंचाच्या त्या वर्षीच्या अहवालात, माझ्याच हातचं, असं छापलंय की प्रल्हाद यांना पुन्हा काम मिळालं ते मंचानं केलेल्या अर्जामुळं. अर्जाला आजपर्यंत उत्तर आलेलं नाही. मी खात्यात जाऊन विचारून आले. त्यांना काम हिराबाई पाटील यांनी मिळवून दिलं, दारात बसून. अहवालात तसं वाचावं.

तुला छापलेलं वाचून दाखवावं लागायचं. अंक आला की मी शिरवण्याला येईन, ओटीवर बसून हे पहिल्या ओळीपासून मोठ्यानं वाचेन. दार उघडं ठेवायला सुनंदाला सांगितलंय, गल्लीतही ऐकू गेलं पाहिजे.